आवरणाआडचे दर्शन : न्यूट्रॉन-चित्रण आणि आपली रसशाळा

कूपीपक्व रसायनाची भट्टी लावलेल्या प्रत्येक वैद्यास कूपी फोडण्याचा क्षण परिचित आहे. सात कापडमाती दिलेली कूपी स्वांगशीत झाल्यावर वालुकायंत्रातून बाहेर काढावी, माती खरवडून काच स्वच्छ करावी, रॉकेलमध्ये भिजविलेली सुतळी मध्यावर बांधून पेटवावी आणि ती विझता विझता ओला फडका गुंडाळावा. काच तडकते. गळ्याशी लाल चकाकणारा रससिंदूर दिसला की रात्रीचे जागरण सार्थकी लागते. काही वर्षांपूर्वी आमच्या लहानशा रसशाळेत तो तसा दिसला नाही. तप्त शलाका घालून गंधकजारण तपासले होते, मुखाशी ज्वाला येऊन गेली होती, तळाशी उगवत्या सूर्याची लालीही दिसली होती. बूच लावण्याची वेळ बरोबर साधली असे आम्हां सर्वांस वाटले होते. कूपी फोडली तेव्हा गळ्याशी पातळसा थर आणि तळाशी न उडालेला काळा ऐवज! बूच लावल्यानंतरचा अग्नी कमी पडला होता. आत काय चालले आहे हे निश्चित कळण्याचा मार्ग एकच होता, कूपी फोडणे. आणि फोडलेली कूपी पुन्हा भट्टीवर चढत नाही.

वस्तू न फोडता तिच्या अंतरंगात कसे पाहावे हा प्रश्न अर्थातच एकट्या वैद्यांचा नाही. वस्तुसंग्रहालयाचे अभिरक्षक, विमानांचे सुटे भाग तपासणारे अभियंते आणि अग्निबाण बांधणारे शास्त्रज्ञ यांनाही तो रोज पडतो. त्यांनी गेल्या काही दशकांत जे एक साधन हाती घेतले आहे त्याचे नाव न्यूट्रॉन-चित्रण. आपल्या क्षेत्रात याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या तिस्रैषणीय अध्यायात प्रत्यक्ष प्रमाणाची मर्यादा सांगताना, वस्तू अस्तित्वात असूनही ती का दिसत नाही याची आठ कारणे दिली आहेत. त्यांतील चार येथे ध्यानात ठेवावी. मध्ये आडोसा आला तर आवरण. तशाच वस्तूंत मिसळून गेली तर समानाभिहार. बलवान वस्तूने दुर्बळ वस्तूस झाकले, जसे दिवसा सूर्यतेजाने तारे झाकले जातात, तर अभिभव. आणि वस्तू फार बारीक असेल तर अतिसौक्ष्म्य. विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला तेव्हा आवरणाचा अडथळा पुष्कळसा दूर झाला. परंतु धातूच्या बाबतीत अभिभव शिल्लक राहिला, आणि न्यूट्रॉनाचे महत्त्व नेमके तेथे आहे.

क्ष-किरण हे अणूतील इलेक्ट्रॉनांशी झुंजतात. ज्या मूलद्रव्याच्या अणूत इलेक्ट्रॉन अधिक, ते क्ष-किरणांस अधिक अडविते. म्हणून हाड मांसापेक्षा ठळक उमटते आणि शिसे जवळजवळ सर्वच अडविते. शिशाच्या डबीत वाळलेले मूळ ठेवून क्ष-किरण चित्र घेतले, तर केवळ डबीची सावली मिळेल. मुळाची क्षीण सावली त्या गडद सावलीत बुडून जाते; हाच अभिभव. न्यूट्रॉनाचे वागणे निराळे आहे. जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये केंब्रिज येथे ज्याचे अस्तित्व सिद्ध केले तो हा कण विद्युतभाररहित आहे. इलेक्ट्रॉनांच्या मेळाव्यातून तो जणू कोणी नसल्यासारखा निघून जातो आणि थेट अणुकेंद्रकाशी त्याची गाठ पडते. कोणते केंद्रक त्यास अडवील आणि कोणते सोडून देईल हे अणूच्या वजनावर ठरत नाही. प्रत्येक केंद्रकाचा स्वभाव स्वतंत्र आहे. सर्वांत हलका हायड्रोजन न्यूट्रॉनास जोराने विखुरतो, तर जडशीळ शिसे त्यास सहज वाट देते. सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या मंदगती न्यूट्रॉनांचा ढोबळ हिशेब सांगावयाचा तर एक मिलिमीटर पाणी आणि एक सेंटीमीटर शिसे ही दोन्ही त्यांना जवळपास सारखीच अडवितात. जेथे पाणी, तेल, मेण, राळ, कापड, कागद, लाकूड, पान किंवा मूळ आहे तेथे हायड्रोजन आहे. म्हणून हे सारे पदार्थ धातूच्या आड असूनही न्यूट्रॉन-चित्रात उमटतात.

येथे थोडे थांबून आपल्या परिचयाची द्रव्ये या दृष्टीने मांडून पाहावी, कारण रसशास्त्राच्या अभ्यासकास त्यात मौज वाटेल. नाग, वंग आणि यशद हे तिघे न्यूट्रॉनांस बऱ्यापैकी पारदर्शक आहेत. लोह आणि ताम्र मध्यम. रजत त्याहून बरेच गडद, सुवर्ण आणखी गडद, आणि पारद तर इतका गडद की त्याचा एक मिलिमीटरचा थर जेमतेम पाचवा हिस्सा न्यूट्रॉन पलीकडे जाऊ देतो. ज्याच्याशी पारदाचे नित्य साहचर्य तो गंधक मात्र जवळजवळ अदृश्यच. सेंटीमीटरभर जाडीचा गंधकही फार थोडे अडवितो. म्हणजे कज्जलीच्या न्यूट्रॉन-चित्रात जे दिसेल ते पारदाचे. टंकणाची गोष्ट तर विशेष आहे. टंकणात बोरॉन असते आणि बोरॉन हा न्यूट्रॉन गिळणारा पदार्थ म्हणून अणुभट्टीत नियंत्रणासाठी वापरतात. शिवाय टंकणात स्फटिकजल भरपूर. त्यामुळे आपल्या खलातील पांढऱ्या टंकणाचा एक मिलिमीटर थर सुमारे तीन सेंटीमीटर शिशाच्या बरोबरीने न्यूट्रॉन अडवितो. क्ष-किरणांच्या जगात हे क्रम निराळे असतात. वजनाने शेजारी असलेली मूलद्रव्ये क्ष-किरणांस सारखीच दिसतात, परंतु न्यूट्रॉनांस बहुधा तशी दिसत नाहीत. समानाभिहारावरही हा असा एक उतारा आहे.

मग हे साधन प्रत्येक इस्पितळात का नाही, असे कोणी विचारील. क्ष-किरणांची नळी टेबलावर मावते. न्यूट्रॉनांचा भरपूर झोत हवा तर अणुभट्टी लागते, किंवा वेगवान प्रोटॉन जड धातूवर आदळवून न्यूट्रॉन उडविणारे प्रचंड यंत्र लागते. निघालेल्या न्यूट्रॉनांचा वेग प्रथम पाणी किंवा तत्सम पदार्थातून नेऊन मंद करतात, मग लांब नळीतून त्यांस समांतर रेषेत आणतात. त्या वाटेवर वस्तू ठेवतात आणि तिच्यामागे लिथियमयुक्त चकाकणारा पडदा असतो. न्यूट्रॉन पडद्यावर पडला की प्रकाशाचा बिंदू उमटतो. कॅमेरा थेट समोर ठेवला तर किरणोत्साराने तो बिघडेल, म्हणून मध्ये तिरपा आरसा बसवून कॅमेरा बाजूस ठेवतात. वस्तू थोडी थोडी फिरवून शेकडो चित्रे घेतली की संगणक त्यांतून त्रिमिती आकृती उभी करतो, आणि मग पडद्यावर ती हवी तेथे छेदून पाहता येते. वस्तूस सुरी लागत नाही. बर्लिनमध्ये हार्टमुट काल्मान आणि कून यांनी १९३० च्या दशकातच अशा चित्रणाचे पहिले प्रयोग केले होते; परंतु पुरेसा झोत मिळण्यास अणुभट्ट्यांचा काळ यावा लागला.

या पद्धतीने काय साधते याची उदाहरणे पाहू. जंतूंचे पहिले दर्शन ज्यास झाले तो आंतोनी व्हान लेवेनहूक (१६३२–१७२३) हा हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी. त्याचे सूक्ष्मदर्शक म्हणजे धातूच्या दोन लहान पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये दाबून बसविलेले इवलेसे एकच भिंग. भिंगे कशी बनवितो हे त्याने कोणासही सांगितले नाही. त्याच्या मृत्यूनंतर तीन शतके विद्वानांत वाद चालू राहिला : भिंगे घासलेली की फुगविलेल्या काचेची? पट्ट्या उचकटल्या असत्या तर उत्तर मिळाले असते. पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सूक्ष्मदर्शक उरले असताना तसे करण्यास कोण धजेल? अखेर डेल्फ्टच्याच विद्यापीठातील संशोधन-अणुभट्टीवर त्यांचे न्यूट्रॉन-चित्रण झाले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उत्रेख्त येथे जतन केलेला, २६६ पट मोठे दाखविणारा सूक्ष्मदर्शक उघडला न जाताच उकलला. त्यातील भिंग घासलेले नव्हते. काचेचा बारीक धागा ज्योतीत वितळवून केलेला तो गोल मणी होता. ही कृती लेवेनहूकचा समकालीन रॉबर्ट हूक याने आधीच लिहून प्रसिद्ध केलेली होती. ज्या कृतीचे गुपित त्या गृहस्थाने आयुष्यभर राखले ती बहुधा दुसऱ्याच्या ग्रंथातून घेतलेली निघाली! पाठ गुप्त ठेवणारी घराणी आपल्याकडेही कमी नाहीत; असो.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील. ब्रिटिश म्युझियममध्ये प्राचीन इजिप्तच्या काही लहान पेट्या आहेत. तांब्याच्या मिश्रधातूच्या या पेट्यांच्या झाकणावर सरडे, वाम मासे यांच्या आकृती असून त्या दोन सहस्र वर्षांहून अधिक काळ बंद आहेत. आत प्राण्यांचे अवशेष असावेत असा तर्क होता, परंतु क्ष-किरणांनी निभाव लागला नाही. ऑक्सफर्डशायरमधील आयसिस या न्यूट्रॉन केंद्रात सहा पेट्यांचे चित्रण करण्यात आले आणि २०२३ मध्ये त्याचा वृत्तांत छापून आला. तीन पेट्यांत हाडे दिसली, त्यांत पालीच्या जातीची एक अखंड कवटी होती. तीन पेट्यांत कापडाचे तुकडे आढळले. आणि तीन पेट्यांत शिसे ओतलेले होते. जे शिसे क्ष-किरणांच्या वाटेत भिंत बनले होते, त्यातून न्यूट्रॉन पलीकडे जाऊन लिननचे धागे पाहून आला.

वैद्यांस अधिक जवळचे वाटेल ते काम स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेचे. तिबेटी परंपरेत बुद्धमूर्तीची प्रतिष्ठा करताना मूर्तीच्या पोकळीत मंत्रांच्या गुंडाळ्या, सुगंधी काष्ठे, वनस्पती, अवशेष इत्यादी भरून तळ कायमचा बंद करतात. तळ उघडला तर प्रतिष्ठाच भंग पावते. म्हणून तेथील संशोधकांनी अशा जुन्या धातुमूर्ती न्यूट्रॉनांच्या झोतात ठेवल्या, आणि धातूच्या कवचाआड वनस्पतिज पदार्थ व गुंडाळ्या यांची मांडणी स्पष्ट दिसली. धातू फिकट आणि आतील वनस्पती गडद, असे हे उलट्या जगाचे चित्र आम्ही प्रथम पाहिले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे मूर्ती नव्हती, संपुट होते.

संपुटाकडे वळण्यापूर्वी, ही विद्या आपल्या दाराशीही आहे हे नमूद केले पाहिजे. मुंबईत ट्रॉम्बे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि पुढे तिच्यावर न्यूट्रॉन-चित्रण होऊ लागले. ती जुनी अप्सरा २००९ मध्ये थांबली. तिच्या जागी १० सप्टेंबर २०१८ रोजी नवी अप्सरा सुरू झाली. शेजारच्या ध्रुव भट्टीवरही चित्रणाची सोय आहे. तमिळनाडूत कल्पक्कम येथे १९९६ पासून कामिनी नावाची अवघ्या ३० किलोवॅट शक्तीची लहान भट्टी आहे. अणुइंधनाच्या कांड्या आणि आपल्या अंतराळ कार्यक्रमातील स्फोटक-युक्त सुटे भाग यांची तपासणी तेथे होते. अग्निबाणाचे टप्पे वेळेवर विलग करणाऱ्या भागांत पोलादी कवचाच्या आत थोडीशी दारू ठासलेली असते. ती नीट भरली आहे की मध्ये पोकळी राहिली आहे हे फोडून पाहिले तर भाग वाया, न पाहिले तर अग्निबाण वाया. दारूत हायड्रोजन असल्याने ती पोलादाआड दिसते.

आता आपले. आमच्या त्या फसलेल्या कूपीचे काम न्यूट्रॉनाने झाले असते काय? तत्त्वतः होय. पारद गडद, गंधक अदृश्य, कोरडी वाळू बेताच्या जाडीपर्यंत पारदर्शक. पारद तळातून गळ्याशी चढताना दिसू शकेल. साधी बाटली त्यास चालेल, परंतु प्रयोगशाळेतील उष्णतारोधक काच चालणार नाही, कारण त्या काचेत बोरॉन असते आणि चित्रात केवळ बाटलीच काळी उमटेल. व्यवहारतः मात्र पाऱ्याच्या वाफा सोडणारी पेटती भट्टी अणुभट्टीच्या दालनात नेण्यास कोणीही जबाबदार अधिकारी अनुमती देणार नाही, आणि देऊही नये. तेव्हा कूपीचे स्वप्न आम्ही सोडून दिले आहे.

आमच्या मते खरा उपयोग वंग आणि नाग यांच्या चक्रिकांत आहे. जारित वंगास कुमारी स्वरसाची भावना देऊन चक्रिका केल्या, त्या वाळविल्या, शरावसंपुटात भरून पुट दिले, एवढे आपण सर्वच करतो. पुट बिघडण्याचे एक नित्याचे कारण म्हणजे चक्रिका वरून खडखडीत आणि गाभ्यात ओली असणे. वजन करून एकूण ओलावा कळतो. तो कोठे दडला आहे हे कळत नाही. चक्रिका मोडून पाहावी तर ती एकच मोडलेली कळते, उरलेल्या शंभर कळत नाहीत. क्ष-किरणांस तेथे केवळ धातू दिसेल. न्यूट्रॉनांस मात्र वंग जवळजवळ दिसणारच नाही आणि कुमारीचा रस तेवढा दिसेल. किती जाडीची चक्रिका किती दिवसांत गाभ्यापर्यंत वाळते, उन्हात आणि सावलीत काय फरक पडतो, शिलाजित किंवा गुग्गुळाच्या मोठ्या वट्यांत ओलावा बाहेरून आत कसा मागे सरतो, याचे एकदा चित्रण झाले तर त्यावरून वाळविण्याचा नियम ठरविता येईल. मग प्रत्येक घाण्यास अणुभट्टी लागणार नाही. एका महाविद्यालयाने किंवा दोनतीन औषधनिर्मात्यांनी मिळून असा प्रस्ताव मांडण्यासारखा आहे. ट्रॉम्बेच्या भट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करून भस्मांतील मूलद्रव्ये मोजण्याचे काम यापूर्वी झालेले आहे; म्हणजे भस्म आणि अणुभट्टी यांची ओळख नवी नाही. फरक एवढाच की त्या पद्धतीत काय आणि किती हे कळते, चित्रणात कोठे हे कळते.

वनौषधींची लागवड करणाऱ्यांसाठीही एक निरीक्षण सांगण्याजोगे आहे. ॲल्युमिनियम न्यूट्रॉनांस जवळपास दिसतच नाही, म्हणून त्याच्या चपट्या पेटीत माती भरून रोप लावले तर जमिनीखालची मुळे आणि त्यांभोवतीचे पाणी जिवंतपणी पाहता येते. आंद्रेआ कार्मिनाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युपिन या शेंगवर्गीय रोपावर केलेले असे काम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. माती सुकत असताना मुळालगतचा पातळ थर बाकीच्या मातीहून ओला राहतो. पण पाणी दिल्यावर तोच थर एकदोन दिवस उलट कोरडा राहतो. मुळातून पाझरणाऱ्या बुळबुळीत द्रवाचा हा प्रभाव. मूळ उपटून हे कधीही दिसले नसते.

मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. जे साधन पाणी इतक्या तत्परतेने पाहते ते पाण्याच्या आड काहीच पाहू शकत नाही. आसवारिष्टाची भरलेली बरणी न्यूट्रॉनांपुढे काळा ठोकळा आहे. सामान्य उपकरणांत मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागापर्यंतचे तपशील दिसतात, खास उपकरणांत त्याहून बारीक. परंतु रेखापूर्ण भस्माचा कण त्याहूनही सूक्ष्म असतो. अतिसौक्ष्म्य येथेही आडवे येतेच. शिवाय चित्रात सावली दिसते, द्रव्याचे स्वरूप नव्हे. पारद कोठे आहे हे कळेल. तो मुक्त आहे की गंधकाशी बद्ध, हे त्या सावलीवरून सांगता येणार नाही. गुण, वीर्य, विपाक यांची तर गोष्टच नको. उद्या कोणी औषधाच्या वेष्टनावर अणुभट्टीत तपासलेले अशी जाहिरात छापली, तर ती त्या औषधाच्या गुणाविषयी काहीही सांगत नाही हे आपण वैद्यांनीच रुग्णास सांगितले पाहिजे.

आणखी एक गोष्ट औषधनिर्मात्या मित्रांनी विशेष ध्यानात घ्यावी. ही तपासणी वस्तूस अक्षत ठेवते हे खरे. पण न्यूट्रॉन गिळलेली काही केंद्रके स्वतः किरणोत्सारी बनतात. चित्रणाच्या झोतात हे प्रमाण अल्प असते आणि संग्रहालयाच्या वस्तू काही काळ बाजूस ठेवून, मोजमाप करून परत दिल्या जातात. सुवर्णातील असा किरणोत्सार २.७ दिवसांत निम्मा होतो, पारदातील एका प्रकारास ४६.६ दिवस लागतात, तर रजतातील एका प्रकारास सुमारे २५० दिवस. मूर्ती किंवा सूक्ष्मदर्शक कोणी पोटात घेत नाही, औषध घेतात. म्हणून चित्रणास पाठविलेला नमुना कितीही मौल्यवान असला तरी तो पुन्हा साठ्यात मिसळू नये, रुग्णास देऊ नये, आणि नोंदवहीत त्याचा वेगळा क्रमांक टाकून तो केंद्राच्याच नियमांनुसार तेथेच राहू द्यावा. नमुना पाठविताना त्यात पारद, सुवर्ण, रजत, टंकण यांपैकी काय आणि किती आहे हे आधी लिहून कळवावे. चित्रणास किती वेळ लागेल आणि नमुना किती दिवस वेगळा ठेवावा लागेल याचा हिशेब तेथील मंडळी त्यावरूनच मांडतात.